एनिग्मा२ रिसीव्हरवर पर्यायी फर्मवेअर बसवणे आणि त्याचा बॅकअप घेणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्यायी फर्मवेअर म्हणजे नेमके काय?

उपग्रह रिसीव्हर सुरू होताच जी प्रणाली त्याच्या फ्लॅश मेमरीतून चालू होते आणि ट्यूनर, वाहिन्यांची यादी, रेकॉर्डिंग, रिमोट असे सारे सांभाळते, तिला फर्मवेअर म्हणतात. उत्पादकाने दिलेली प्रणाली काढून तिच्या जागी स्वयंसेवकांच्या एखाद्या गटाने तयार केलेली प्रणाली बसवली, की ती पर्यायी ठरते. या क्षेत्रातील लोक तिला सरळ ‘इमेज’ म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे.

जर्मनीतील ल्यूनेन शहरातल्या ड्रीम मल्टिमीडिया या कंपनीने लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीवर चालणारे ‘ड्रीमबॉक्स’ रिसीव्हर बाजारात आणले, तेव्हा या प्रकाराला खरी सुरुवात झाली. पडद्यावरचे मेनू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव आधी ‘एनिग्मा’ होते. डीएम७०२५ या संचापासून ‘एनिग्मा२’ आला. त्याचा गाभा सी++ भाषेत आणि मेनूंचा बराच भाग पायथॉनमध्ये लिहिलेला आहे. मूळ सॉफ्टवेअर कोणालाही पाहता-बदलता येईल असे खुले असल्यामुळे नेदरलँड्समध्ये रुजलेला ओपनपीएलआय, तसेच ओपनएटीव्ही आणि ओपनव्हिक्स यांसारखे गट स्वतःच्या इमेज बनवू लागले. पुढे कोरियन बनावटीचे व्हू प्लस, शिवाय झेडजेम्मा, गिगाब्ल्यू असे अनेक संचही एनिग्मा२ वर चालू लागले. हे पान मुख्यतः अशा संचांविषयी आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. एनिग्मा२ खुला असला, तरी ट्यूनर आणि चित्रप्रक्रिया हाताळणारे ड्रायव्हर (यंत्रभाग चालवणारे छोटे कार्यक्रम) उत्पादकाकडून बंद स्वरूपातच मिळतात आणि ते लिनक्स कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) ठरावीक आवृत्तीला बांधलेले असतात. म्हणूनच प्रत्येक मॉडेलची इमेज वेगळी असते. ‘दिसायला तसाच संच आहे, त्याचीच इमेज चालेल’ हा तर्क येथे उपयोगाचा नाही.

माझ्या डीटीएच कंपनीच्या सेट-टॉप बॉक्सवर अशी इमेज बसवता येईल का?

नाही. टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, सन डायरेक्ट अशा सेवांचे बॉक्स त्या त्या सेवेच्या सांकेतिक प्रणालीशी जखडलेले असतात आणि ते फक्त कंपनीने स्वाक्षरित केलेले सॉफ्टवेअर स्वीकारतात. त्यांच्याशी खटपट करण्यात काहीच हशील नाही. भारतात एनिग्मा२ संचाचा प्रामाणिक उपयोग आहे तो विनासंकेत (सांकेतिक कुलूप नसलेल्या) वाहिन्यांसाठी : ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ वरील डीडी फ्री डिश, किंवा मोठ्या सी-बँड छत्रीवर मिळणाऱ्या मोफत वाहिन्या. आखाती देशांत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे असे संच असतात, तेही बहुधा तिथल्या विनासंकेत वाहिन्यांसाठीच.

इमेज बदलली की सशुल्क वाहिन्या फुकट दिसू लागतात, हे खरे आहे का?

हे खरे नाही, आणि जो विक्रेता असे सांगतो त्याच्याकडून संच घेऊ नये. सांकेतिक वाहिनी पाहायला वैध कार्ड आणि वर्गणी लागतेच. वर्गणी न भरता संकेत फोडणारी जोडणी विकत घेणे किंवा एका कार्डाची किल्ली इंटरनेटवरून अनेकांना वाटणे हे बेकायदा आहे. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ तांत्रिक संरक्षण अशा हेतूने मोडण्याला शिक्षा सांगते. शिवाय ‘सगळे भरून दिलेली’ इमेज कुणी तयार केली आणि ती तुमच्या घरच्या नेटवर्कवर मागच्या दाराने काय करते, हे तपासण्याचा मार्ग सामान्य वापरणाऱ्याकडे नसतो. इमेज नेहमी संबंधित गटाच्या मूळ स्थळावरूनच उतरवावी.

मग इमेज बदलून मिळते तरी काय?

उत्पादकाने ज्या संचाकडे पाठ फिरवली आहे, त्याला पुढे अनेक वर्षे सुधारणा मिळत राहतात. वाहिन्या मनासारख्या गटांत लावता येतात, नावावरून मालिका शोधून त्यांचे आपोआप रेकॉर्डिंग होते, संगणकाच्या ब्राउझरमधून ओपनवेबिफ या जोडकार्यक्रमाद्वारे संच हाताळता येतो आणि घरातल्या नेटवर्क-डिस्कवर थेट रेकॉर्डिंग करता येते. माझ्या मते यातली पहिली गोष्ट सर्वांत मोलाची आहे, कारण चांगला ट्यूनर असलेला संच केवळ सॉफ्टवेअर जुने झाले म्हणून भंगारात जाणे ही नासाडीच आहे.

बॅकअप घ्यायचा म्हणजे नक्की कशाचा?

याच प्रश्नावर सर्वाधिक गोंधळ होतो. बॅकअप दोन प्रकारचे असतात आणि एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

पहिला बॅकअप सेटिंगचा. यात वाहिन्या, त्यांचे गट, ट्यूनरची मांडणी, टायमर, नेटवर्क आणि पासवर्ड असा तुमच्या हाताने घडलेला भाग येतो. तो काही किलोबाइटपासून फार तर काही मेगाबाइटपर्यंतचा असतो, आणि त्यातून संच उभा राहत नाही. चालू इमेज आधी हवीच. दुसरा बॅकअप संपूर्ण इमेजचा. यात कर्नल आणि मूळ फाइल-प्रणाली जशीच्या तशी उचलली जाते, त्यामुळे तो पेनड्राइव्हवरून बसवला की संच बॅकअपच्या दिवशी होता तसाच, प्लगइन (जोडकार्यक्रम) आणि स्किन (पडद्याची सजावट) यांच्यासकट, परत येतो.

मूळ उत्पादकाच्या प्रणालीवरून पहिल्यांदा पर्यायी इमेजकडे जात असाल, तर जुन्या प्रणालीचा संपूर्ण बॅकअप किंवा उत्पादकाने प्रसिद्ध केलेली मूळ इमेज हाताशी असल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. जुन्या मॉडेलांच्या इमेज उत्पादकांच्या स्थळांवर कायम राहतील, असे गृहीत धरता येत नाही. आज उतरवून ठेवलेली फाइल पाच वर्षांनी सोन्याच्या मोलाची ठरू शकते.

संपूर्ण इमेजचा बॅकअप कसा घ्यावा?

ओपनपीएलआय आणि तत्सम इमेजमध्ये ‘बॅकअप सूट’ हे प्लगइन घालता येते. ओपनएटीव्हीच्या मेनूत ही सोय ‘इमेज बॅकअप’ म्हणून आधीपासून असते. संचाला हार्डडिस्क किंवा पुरेशी मोकळी जागा असलेला पेनड्राइव्ह जोडावा, प्लगइन उघडावे आणि बॅकअप कुठे ठेवायचा ते निवडावे. नँड फ्लॅश प्रकारची मेमरी असलेल्या जुन्या संचांत हे प्लगइन मूळ फाइल-प्रणालीची नव्याने यूबीआय स्वरूपाची फाइल बनवते आणि कर्नल वेगळा उचलते. ईएमएमसी प्रकारची मेमरी असलेल्या नव्या ४के संचांत तेच काम टार स्वरूपाच्या दाबलेल्या फाइलने होते. संचाच्या वेगानुसार याला काही मिनिटे लागतात. त्या वेळात रेकॉर्डिंग चालू नसेल आणि पुढच्या अर्ध्या तासात कोणताही टायमर लागणार नसेल, एवढी काळजी घ्यावी.

पूर्ण झाल्यावर तयार फोल्डरची रचना पाहावी. पेनड्राइव्हवरून इमेज बसवताना ज्या नावांच्या फाइल लागतात, त्याच नावांच्या फाइल त्यात दिसल्या पाहिजेत आणि त्यांचा आकार शून्य किंवा संशयास्पद रीतीने लहान नसावा. शक्य असेल तर एखाद्या निवांत सुटीच्या दिवशी तो बॅकअप प्रत्यक्ष बसवून पाहावा. एकदाही बसवून न पाहिलेला बॅकअप बरोबर आहे की नाही, हे नेमके अडचणीच्या वेळीच कळते.

बॅकअप कुठे ठेवावा?

संचाच्या बाहेर. इमेज बदलताना संचातील हार्डडिस्कला सहसा धक्का लागत नाही, म्हणून पुष्कळ जण तिथेच बॅकअप ठेवून निर्धास्त होतात. पण नवी इमेज आल्यानंतर मेनूतून ‘डिस्क प्रारंभित करा’ हा पर्याय चुकून निवडला गेला, तर रेकॉर्डिंगसह बॅकअपही जातो. एक प्रत संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर ठेवावी. फोल्डरच्या नावात संचाचे मॉडेल, इमेजचे नाव, आवृत्ती आणि तारीख लिहावी. सेटिंगच्या बॅकअपमध्ये वायफायचा पासवर्डही असू शकतो, तेव्हा ही फाइल इतरांना जशीच्या तशी पाठवू नये.

सेटिंगच्या फाइल स्वतः हाताने उतरवून ठेवायच्या असतील तर?

एफटीपी किंवा एसएफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने संगणकावरून संचात शिरावे. वापरकर्त्याचे नाव ‘रूट’ असते आणि नव्या इमेजमध्ये आधी त्याला पासवर्ड द्यावा लागतो. ‘ईटीसी’ फोल्डरातील ‘एनिग्मा२’ हे उपफोल्डर पूर्ण उतरवावे. त्यातील ‘लॅमडीबी’ फाइलमध्ये सापडलेल्या सर्व वाहिन्या असतात, ‘युजरबुकेट’ने सुरू होणाऱ्या फाइलींत तुमचे गट, ‘सेटिंग्ज’ फाइलमध्ये ट्यूनरपासून भाषेपर्यंतच्या निवडी आणि ‘टायमर्स’ फाइलमध्ये रेकॉर्डिंगच्या वेळा. याखेरीज ‘टक्सबॉक्स’ फोल्डरातील ‘सॅटेलाइट्स’ फाइलही घ्यावी. आपल्याकडच्या उपग्रहांचे ट्रान्सपाँडर (प्रक्षेपणाच्या वारंवारता) तुम्ही तिच्यात हाताने भरले असतील, तर ती मेहनत दुसऱ्या कोणत्याही फाइलमध्ये नसते.

फाइल परत चढवताना एक नियम कटाक्षाने पाळावा. एनिग्मा२ बंद होताना आपल्या स्मृतीतल्या सेटिंग पुन्हा फाइलमध्ये लिहितो. म्हणून तो चालू असताना चढवलेली ‘सेटिंग्ज’ फाइल, संच पुन्हा सुरू करताच, जुन्या मजकुराने पुसली जाते आणि माणूस तासभर कारण शोधत बसतो. आधी टेलनेट किंवा एसएसएच या दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने ‘इनिट ४’ ही आज्ञा देऊन एनिग्मा२ थांबवावा, फाइल चढवाव्यात आणि मग ‘इनिट ३’ द्यावी. विंडोजच्या साध्या संपादकात या फाइल उघडून जतन करू नयेत. ओळीच्या शेवटी लागणारे जादा चिन्ह या प्रणालीला चालत नाही. युनिक्स पद्धतीचे ओळ-अंत राखणारा संपादक वापरावा.

पेनड्राइव्हवरून इमेज प्रत्यक्ष कशी बसवतात?

लहान क्षमतेचा, साधा, यूएसबी २.० चा पेनड्राइव्ह घ्यावा आणि तो एकाच विभाजनात एफएटी३२ स्वरूपात तयार करावा. संचाचा बूटलोडर (सुरुवातीलाच चालून प्रणाली उभी करणारा कार्यक्रम) एनटीएफएस किंवा एक्सफॅट ओळखेल, अशी अपेक्षा धरू नये. ६४ किंवा १२८ गिगाबाइटचा नवा पेनड्राइव्ह न चालल्यामुळे इमेज खराब असल्याची शंका घेतली जाते, पण दोष पेनड्राइव्हचा असतो.

उतरवलेली झिप फाइल उघडून तिच्यातील फोल्डर थेट पेनड्राइव्हच्या मुळाशी ठेवावे. व्हू प्लस संचासाठी ‘व्हूप्लस’ नावाचे फोल्डर आणि त्याच्या आत ‘ड्युओ२’ किंवा ‘सोलो४के’ असे मॉडेलचे फोल्डर, ही रचना असते. विंडोजमध्ये झिप उघडताना बऱ्याचदा झिपच्या नावाचे आणखी एक फोल्डर बाहेर तयार होते. ते तसेच राहिले, तर बूटलोडरला काहीच सापडत नाही आणि जुनीच इमेज सुरू होते. ‘इमेज बसतच नाही’ अशा तक्रारी आल्या की मी सर्वांत आधी हेच विचारतो.

नंतर संच मागच्या बटणाने पूर्ण बंद करावा, पेनड्राइव्ह लावावा आणि संच सुरू करावा. दर्शनी पडदा असलेल्या संचांवर सूचना येते आणि पुढचे बटण दाबून संमती द्यावी लागते. ज्या स्वस्त मॉडेलांना पडदा नाही, त्यांच्या फोल्डरात संमतीऐवजी ‘फोर्स’ असे नाव असलेली एक लहान फाइल ठेवण्याची पद्धत आहे. अशा संचात काम झाल्यावर पेनड्राइव्ह लगेच काढावा, नाहीतर प्रत्येक वेळी सुरू होताना संच तीच इमेज पुन्हा पुन्हा बसवत राहील. बटण कोणते आणि किती वेळ दाबायचे, हे मॉडेलगणिक बदलते, तेव्हा इमेजसोबतची सूचना वाचावी.

आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे संच आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर जोडूनच हे काम करावे. पावसाळ्यात विजांचा कडकडाट चालू असताना तर हातही लावू नये. छत्रीची केबलही काढून ठेवावी.

ड्रीमबॉक्सची पद्धत वेगळी असते का?

होय. डीएम८०० आणि डीएम८००० यांच्या काळातील संचांसाठी ‘एनएफआय’ स्वरूपाची इमेज असते. पुढचे बटण दाबून धरून संच सुरू केला, की तो प्रणालीत न जाता थांबतो आणि पडद्यावर आपला नेटवर्क-पत्ता दाखवतो. तो पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकून इमेज चढवता येते. याहून जुन्या संचांसाठी सीरियल केबल आणि ड्रीमअप हा कार्यक्रम वापरला जाई. डीएम९०० सारख्या नव्या ४के संचांत वेगळी ‘रेस्क्यू’ प्रणाली दिलेली असते.

जुन्या डीएम८०० ची फ्लॅश मेमरी अवघी ६४ मेगाबाइटची आहे. आजच्या इमेज त्यात सुखाने मावत नाहीत, म्हणून त्या मॉडेलसाठी जुनी, हलकी इमेजच निवडावी. या मॉडेलच्या नकलाही बाजारात फार होत्या. नकली संचावर अस्सल संचाची इमेज चढवल्यास तो कायमचा बंद पडण्याचा धोका असतो, तेव्हा जुना संच विकत घेताना तो अस्सल आहे याची खात्री आधी करून घ्यावी.

नवी इमेज आल्यावर जुन्या सेटिंग लगेच परत आणाव्यात का?

गट तोच आणि आवृत्ती जवळची असेल, तर खुशाल आणाव्यात. बऱ्याच इमेज पहिल्यांदा सुरू होतानाच जोडलेल्या डिस्कवर जुना बॅकअप शोधतात आणि परत आणू का, असे विचारतात.

गट बदलत असाल, तर मात्र पूर्ण बॅकअप ओतू नये. एकाच्या ‘सेटिंग्ज’ फाइलमधील नोंदी दुसऱ्याला अनोळखी असतात आणि त्यातून मेनू अडकणे, स्किन न उघडणे असे विचित्र दोष उद्भवतात. फक्त ‘लॅमडीबी’, ‘बुकेट’ आणि ‘सॅटेलाइट्स’ या फाइल न्याव्यात. ट्यूनर, नेटवर्क आणि वेळ-विभाग नव्याने भरावेत. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात, पण पाया स्वच्छ राहतो.

प्लगइनच्या बाबतीत तर अधिकच जपावे. पायथॉन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि ओपनएटीव्ही ७ तसेच ओपनपीएलआय ९ या आवृत्त्या पायथॉन ३ वर गेल्या. त्यामुळे जुन्या इमेजमधील प्लगइनचे फोल्डर उचलून नव्या इमेजमध्ये टाकले, तर ते चालत नाहीच, उलट संच सुरू होतानाच कोसळण्याची शक्यता असते. प्लगइन नेहमी नव्या इमेजच्या स्वतःच्या भांडारातून घ्यावीत.

वाहिन्या यादीत दिसतात, पण लागत नाहीत. असे का?

केबल आणि एलएनबी (छत्रीसमोरचा संदेश पकडणारा भाग) ठीक असतील, तर बहुधा उपग्रहाच्या स्थानात फरक पडलेला असतो. एनिग्मा२ प्रत्येक वाहिनीच्या नोंदीत उपग्रहाचे स्थान षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीने लिहितो. ९३.५ अंश पूर्व म्हणजे ९३५, आणि षोडशमान पद्धतीत ती संख्या ‘३ए७’ होते. तुमच्या संचात उपग्रह ९३.५ वर नोंदलेला असेल आणि दुसऱ्याकडून आणलेल्या गटात तो ९३.६ धरलेला असेल, तर प्रत्यक्ष उपग्रह एकच असूनही संच त्या वाहिनीसाठी ट्यूनर नाही असे सांगतो. ट्यूनरच्या मांडणीतील स्थान आणि ‘सॅटेलाइट्स’ फाइलमधील स्थान एकच करून पुन्हा शोध घ्यावा.

एलएनबीचा प्रकारही तपासावा. केयू-बँडच्या युनिव्हर्सल एलएनबीची स्थानिक वारंवारता ९७५० आणि १०६०० मेगाहर्ट्झ असते, तर सी-बँडसाठी ती ५१५० असते. इमेज युरोपात घडलेली असल्यामुळे ती आपसूक युनिव्हर्सल गृहीत धरते, आणि सी-बँड छत्री असलेल्याला एकही वाहिनी सापडत नाही.

मध्येच वीज गेली आणि आता संच सुरूच होत नाही. तो कायमचा गेला का?

सहसा नाही. इमेज बसवताना कर्नल आणि मूळ फाइल-प्रणाली बदलतात. बूटलोडर वेगळ्या जागी असतो आणि त्याला हात लागत नाही. म्हणून तोच पेनड्राइव्ह लावून सर्व कृती पुन्हा करावी. चालले नाही तर दुसरा पेनड्राइव्ह, मग दुसरा यूएसबी पोर्ट आणि मग झिप फाइल नव्याने उतरवून, याच क्रमाने प्रयत्न करावेत. बूटलोडरच बिघडला असेल, तर सीरियल किंवा जेटॅग (थेट चिपशी होणारी) जोडणी करणारा जाणकार लागतो. याच कारणासाठी, उत्पादकाने स्पष्ट सांगितल्याशिवाय बूटलोडर अद्ययावत करण्याच्या फंदात पडू नये.

जुनी इमेज तशीच ठेवून नवी वापरून पाहता येते का?

ईएमएमसी मेमरीच्या बऱ्याच ४के संचांवर येते. तिथे मेमरीचे चार कप्पे केलेले असतात आणि मेनूतून कोणत्या कप्प्यातली इमेज सुरू करायची ते निवडता येते. तुमच्या संचात ही सोय असेल, तर एक कप्पा घरच्यांच्या रोजच्या वापरासाठी राखून ठेवावा आणि प्रयोग दुसऱ्या कप्प्यात करावेत. ऐन मालिकेच्या वेळी टीव्ही बंद ठेवून नवी इमेज तपासत बसणे घरात कोणालाच रुचत नाही. संचात कप्पे आहेत म्हणून बाहेरचा बॅकअप टाळू नये. मेमरीची चिप एकच असते.

बाजारात मिळणाऱ्या लहान, स्वस्त फ्री-टू-एअर रिसीव्हरचे काय?

हजार-दीड हजारांत मिळणारे हे संच एनिग्मा२ वर चालत नाहीत. त्यांत सनप्लस, अली किंवा जीएक्स मालिकेची चिप असते आणि सगळे सॉफ्टवेअर एकाच बिन फाइलमध्ये, बहुधा ४ मेगाबाइटच्या फ्लॅश चिपवर असते. मुख्य चिप सारखी असली, तरी ट्यूनर, दर्शनी पट्टी आणि रिमोटचा संकेत उत्पादकागणिक बदलतात. म्हणून दुसऱ्या संचाची फाइल टाकल्यावर चित्र येते, पण रिमोट चालत नाही, असे अनुभव नेहमीचे आहेत.

काही संचांच्या मेनूत सध्याचे सॉफ्टवेअर यूएसबीवर उतरवण्याचा पर्याय असतो. काहीही बदलण्याआधी तो वापरून फाइल जपून ठेवावी. तो नसेल, तर फ्लॅश चिप सीएच३४१ए प्रोग्रामरने (चिप वाचण्या-लिहिण्याच्या छोट्या उपकरणाने) वाचता येते. दोनदा वाचून दोन्ही फाइल तंतोतंत जुळतात का, हे पाहावे; जुळत नसतील तर चिपवर लावलेल्या चिमट्याची पकड सैल आहे असे समजावे. या प्रोग्रामरच्या प्रचलित काळ्या पट्टीचे एक वैगुण्य असे, की चिपला ३.३ व्होल्ट देतानाही त्याच्या संदेशवाहिन्यांवर ५ व्होल्ट येतात. तेवढी दुरुस्ती करून घेतलेलाच प्रोग्रामर वापरावा, आणि वाचन चालू असताना रिसीव्हरची स्वतःची वीजजोडणी काढलेली असावी.